खजूर पिकायच्या दिवसांतलं मेज

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं, आणि कुवेतमध्ये खजूर पिकत होता.

यंदाही पिकलाय. हवल्लीत आमच्या बिल्डिंगसमोर, रस्त्याच्या मधोमध, खजुराच्या झाडांची ओळ आहे. उन्हाळा ऐन भरात आला की माणसं शिड्या लावून घडांना जाळीच्या पिशव्या बांधून जातात, आपल्याकडं पेरूला बांधतात तशा. आत घड आधी हिरवा असतो, मग पिवळाधमक होतो, मग एका बाजूनं मधासारखा वितळायला लागतो. घरात एसीनं हाडं गारठतात आणि दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. मी दारातच उभा राहतो, चष्मा सदऱ्याला पुसतो, परत वाफ, परत पुसतो. समुद्रावरनं ओलं, जड वारं येतं. कपडे वाळत नाहीत, मीठ वाळत नाही, माणूस तर वाळतच नाही. रंग, ऊब, आवाज सगळं सांगेन. वास मात्र मला सांगता येणार नाही. त्याचं कारण पुढं येईल.

आमच्या बिल्डिंगचा राखणदार, त्याला इथं हारिस म्हणतात, तो मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. दर साली एक घड उतरवून आणतो आणि माझ्या हातात देतो. "घे हाजी, खा."

मी म्हणतो, "अरे मी हाजी नाही, ख्रिस्ती आहे."

"माशाल्ला हाजी," म्हणतो आणि हसतो.

त्या घडात एक नवल असतं. एकाच फळाचं अर्धं अंग तपकिरी, मऊ, बोट लावलं तर आत जाईल असं. आणि अर्धं पिवळं, करकरीत, दाताला तुरट. एकच साल, एकच बी. पिकणं आणि कच्चं असणं एकमेकाला चिकटून बसलेलं. पहिल्यांदा मी ते हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिलो. देवानं अर्धंच काम करून हात का थांबवला असेल, आणि तरी ते गोड कसं लागतं?

मी चौथी शिकलेला माणूस. पवित्र शास्त्र वाचता वाचता वाचायला शिकलो, आणि लिहितो ते बोलल्यासारखं. नगर जिल्ह्यात गवंडी होतो. आमच्या गावच्या चर्चची उत्तरेची भिंत माझ्या हातची आहे. तिला ओळंबा लावून बघा, केसभर फरक निघाला तर नाव बदलीन. बायको गेल्यावर रूथनं, माझ्या लेकीनं, मला इकडं आणलं. ती इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. जावई लांब दक्षिणेला, खैरान गावाकडं कामाला, आठवड्यातनं एकदा घरी येतो. मी येताना बजावून आलो होतो, "मी पाहुणा म्हणून येणार नाही. मला काम पाहिजे." काम काय, तर गॅलरीतल्या कुंड्या आणि शुक्रवारची उपासना.

इथं रविवार कामाचा. म्हणून देवाचा दिवस शुक्रवारी धरतात. एकाच आवारात कितीतरी भाषांची मंडळी, प्रत्येकीला हॉल वाटून दिलेला, प्रत्येकीला वेळ वाटून दिलेली. आमच्याआधी मल्याळी, आमच्यानंतर फिलिपिनो. एकाचं आमेन संपतं तोवर दुसऱ्याचे तबलजी दारात उभे. आम्ही थोडीच मराठी माणसं: नर्सा, लॅबवाले, दोघंतिघं बँकेतले, काही कंपनीचे कामगार. कोणी पुण्याचं, कोणी वसईकडचं, कोणी जालन्याचं. पोरं गाणी मराठीत म्हणतात आणि भांडतात इंग्रजीत. पण पेटीवर पहिला सूर लागला ना, की मला दरवेळी अंगावर काटा येतो. वाळवंटाच्या काठावर, त्या गारठलेल्या हॉलमध्ये, आपल्या ओव्या-अभंगांच्या चालीवर प्रभूचं नाव. कुठल्या विहिरीचं पाणी कुठवर आलं!

महिन्यातनं एकदा मेज असायचं. मेज म्हणजे प्रभुभोजन: भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस. रस इवल्याशा काचेच्या प्याल्यांतनं, ताटात मांडून, रांगेरांगेनं फिरायचा. सगळ्यांच्या हातात प्याला आला की पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या पास्टरांचा, शब्द व्हायचा आणि सगळे एकदम प्यायचे. आता या देशात दारूचा थेंब चालत नाही, आणि आमच्या मंडळीत तशीही कधी चालली नाही. पण पाळकसाहेब रस आणायचे तो दुकानातला. कागदी डब्यातला. वर द्राक्षाचं चित्र.

मला ते बघवेना.

"साहेब," मी म्हणालो, "प्रभूच्या मेजावर डबा?"

पाळकसाहेब पुण्याचे, माझ्या लेकीच्या वयाचे, शांत माणूस. म्हणाले, "डबा मेजावर नसतो बाबा. प्याल्यात ओततो मी."

"ओतला तरी डब्यातलाच. आमच्याकडं माझी आई करायची. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, हातानं कुस्करायच्या, फडक्यातनं गाळायच्या, एक कढ द्यायचा आणि वरनं मूठभर कुस्करलेल्या मनुका कच्च्याच सोडायच्या. रंग असा धरतो की प्याल्याकडं बघितलं तरी माणूस गप्प होतो."

"मग करा तुम्ही."

एवढ्यासाठी मी आठ-दहा महिने त्यांचं डोकं खाल्लं होतं. आणि त्याच बैठकीत, आमच्या घरी, चहाचा कप खाली ठेवताना ते म्हणाले, "येत्या मेजाला विल्सनलाही घेतोय."

विल्सन जालन्याकडचा. बिल्डिंगांच्या गच्च्यांवर एसीचे पत्र्याचे डक्ट बसवायचं काम करायचा. अब्बासियात एका खोलीत सात-आठ जण राहतात, तसा राहायचा. बायको आणि मुलगी गावी. दारूबंदीच्या देशातही ज्याला प्यायची त्याला चोरून गाळलेली मिळते, आणि त्याला मिळायची. आदल्या नाताळाच्या कार्यक्रमात तो भर हॉलमध्ये खुर्चीसकट आडवा झाला होता. लहान पोरं रडायला लागली. त्याला कॉलर धरून बाहेर ओढत नेणारा मीच. दुसऱ्या शुक्रवारी तो स्वतःहून पाळकसाहेबांकडं गेला आणि म्हणाला, मला मेजापासून लांब ठेवा, मी सांगेन तेव्हा घ्या. तेव्हापासनं तो येई, मागच्या रांगेत बसे, मेज सुरू झालं की मान खाली घाली. त्याच्या दोन्ही अंगाच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. बाया पर्स या मांडीवरनं त्या मांडीवर घ्यायच्या. मला दारातच म्हणायचा, "सलाम बाबा." मी म्हणायचो, "हं."

तर पाळकसाहेबांना मी म्हणालो, "दारुड्याला घेणार?"

"सोडलीय त्यानं."

"सोडतात. सोडत सोडतच पितात."

"बाबा, तुम्ही काय सोडलंत?"

"मी? मी तंबाखूची पुडी हातात धरली नाही जन्मात."

"तंबाखू नव्हे हो. हट्ट."

स्वयंपाकघरात रूथ खळखळून हसली. मी चहा अर्धा टाकून उठलो. खजुराचा घड पिवळा होता तेव्हा, मला पक्कं आठवतंय, कारण मी गॅलरीत जाऊन त्याच्याकडं रागानं बघत उभा होतो. जसा काही त्यानंच मला बोल लावला.

त्या दिवसांत इथली माणसं आभाळाकडं बघतात. हारिसनं मला सांगितलं, सुहैल उगवला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडतं. सुहैल म्हणजे तारा. पहाटेचा, दक्षिणेला, खाली टेकलेला. मी गच्चीवर जाऊन बघितला आणि ओळखीचा निघाला की! आपला अगस्ती. आई म्हणायची, अगस्ती उगवला की ओढ्याचं गढूळ पाणी निवळतं. इथं ओढा नाही, नदी नाही, आणि तरी हीच माणसं त्याच ताऱ्याची त्याच आशेनं वाट बघतात. मी त्या गच्चीवर, उकाड्यानं निथळत, टोपी हातात घेऊन उभा होतो. एवढं मोठं आभाळ आणि त्याला दोन्ही गावचा पत्ता ठाऊक.

मनुका मी मंगळवारी भिजत घातल्या. चांगल्या, काळ्या, टपोऱ्या, हवल्लीच्या बाजारातनं एकेक निवडून आणलेल्या. कुस्करताना मनगटापर्यंत हात जांभळे झाले. आईचा हात आठवला, कोपरापर्यंत रंगलेला, आणि तिचं गुणगुणणं. रस गाळला, कढ दिला, वरनं मूठभर कच्च्या मनुका सोडल्या, काचेच्या बरणीत भरला, तोंडाला फडकं बांधलं.

रूथ ड्यूटीवर निघाली होती. "बाबा, फ्रीजमध्ये ठेवा हं."

"फ्रीजमध्ये तुझे मासे आहेत. प्रभूच्या मेजाला माशांचा वास आणू?"

"झाकण लावून ठेवा ना मग."

"आईनं कधी फ्रीजमध्ये ठेवला नाही."

"आजीकडं फ्रीजच नव्हता!"

मी बरणी सामानाच्या खोलीत ठेवली, जिथं एसी पोचत नाही. आईची रीत डिसेंबरच्या थंडीतली होती, आणि कुवेतचा उन्हाळा तिनं पाहिला नव्हता. आणि वासाचं सांगायचं राहिलं ते हे: करोना झाल्यापासनं माझं नाक गेलंय. कोणाला सांगितलं नव्हतं. आमटीच्या वाटीवर वाकून "वा!" म्हणायचो, रूथ खूश व्हायची. गवंड्याचं काय, डोळा आणि हात शाबूत असले की बास, असं मनाशी ठरवलं होतं.

शुक्रवारी मेजावर पांढरं कापड, त्यावर ताटं, ताटात प्याले, आणि प्याल्यांतला तो रंग. काय सांगू! दिव्याखाली माणकांची रांग मांडल्यासारखी. बाया कुजबुजल्या, "बाबांनी घरी केलाय." मी छाती काढून पहिल्या रांगेत.

विल्सन त्या दिवशी मागं बसला नव्हता. तिसऱ्या रांगेत, कडेला, इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, लग्नाला आल्यासारखा. त्याच्या शेजारी पहिल्यांदाच कोणीतरी बसलं होतं, ती आमची रूथ. भाकर फिरली, त्यानं घेतली आणि खाताना डोळे मिटले. मग रसाचं ताट फिरलं. मी मान वळवून बघत होतो. खोटं कशाला बोला, त्याच्यावरच लक्ष होतं माझं. त्यानं प्याला उचलला. छातीपर्यंत आणला. आणि हात तिथंच थांबला.

प्याल्यातला रस हलत होता. तेवढ्या लांबनं मला दिसला.

मग त्यानं प्याला परत ताटात ठेवला, सावकाश, एक थेंब न सांडता, आणि उभा राहिला. "पाळकसाहेब, माफ करा. आज माझ्यानं होणार नाही. माझं मन साफ नाही."

कोणी काही बोलायच्या आत तो दारातनं बाहेर गेला. दार उघडलं तसा बाहेरचा गरम श्वास आत शिरला, मेजावरचं कापड हललं, दार मिटलं.

"म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. हळूच म्हणालो, पण तो हॉल लहान आहे.

शब्द झाला. आम्ही सगळे प्यालो. माझ्या जिभेला चुरचुरलं आणि घशात ऊब उतरली. मला वाटलं, पवित्र क्षण म्हणतात तो हाच. आईच्या हातचा रस, परमुलखात, प्रभूच्या मेजावर. अंगात काहीतरी उतरणारच की!

उपासना संपली. विल्सन पळून गेला असेल असं मला वाटलं होतं. तो बाहेर, भिंतीच्या बोटभर सावलीला, अर्धा उन्हात उभा होता. आम्ही बाहेर पडलो तसा तो आत गेला आणि नेहमीसारखा आमच्या खुर्च्या घड्या करून पुढच्या मंडळीसाठी हॉल मोकळा करायला लागला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. त्यानं कोणाकडं बघितलं नाही, तोंडही लपवलं नाही.

 घरी आल्या आल्या रूथ सामानाच्या खोलीत गेली, उरलेल्या रसाची बरणी आणली आणि फडकं सोडून माझ्या नाकाखाली धरली.

"काय वास येतोय?"

"मनुकांचा. चांगला आहे."

 तिनं बरणी उजेडात धरली. काठाला बारीक फेस होता. तळातनं एकेक बुडबुडा वर येत होता, मजेत, घाई नसल्यासारखा.

"बाबा, ही दारू झालीय."

"काहीतरीच."

"खोलीभर वास सुटलाय, बाबा. मला प्याला तोंडाला लावताना कळलं, पण शब्द झाला होता, काय करणार? पुढच्या रांगेतली मेरीताई म्हणाली, जरा आंबट लागतोय. आणि तुम्हाला..." तिचा आवाज बदलला. "कधीपासून येत नाही वास?"

मी म्हणालो, "करोनापासून."

ती नर्स आहे, ओरडली नाही. माझ्या शेजारी बसली. मग एकदम उठून बरणी मोरीत ओतायला लागली, नळ पुरा सोडून, खिडकी बंद करून, पुन्हा उघडून. "शेजाऱ्यांना वास गेला तर काय सांगू? बाप देवभोळा आहे म्हणून?" ती हसत होती आणि रडत होती. बरणी धुऊन पालथी घातल्यावर, हात पुसता पुसता, ती म्हणाली, "विल्सनदादाला हातात घेताच कळलं असणार. त्याला नाही कळणार तर कोणाला?"

मी गॅलरीत गेलो. समोर खजुराची ओळ, पिशव्यांतनं लोंबणारे घड, वर पांढरं फटफटीत आभाळ. मी बसलो आणि मला हळूहळू दिसायला लागलं की मी काय पाहिलं होतं.

साऱ्या कुवेतमध्ये उघड्यावर दारू मिळत नाही. विल्सन तिच्यापासून पळाला होता. खोली बदलली होती, सोबती सोडले होते. आणि ती त्याला कुठं गाठते, तर देवाच्या मेजावर! पांढऱ्या कापडावरनं, प्रार्थना झालेली, पाळकाच्या परवानगीची, शेजारी नर्स, समोर वडीलधारी. तो प्यायला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. उलट आम्ही म्हटलं असतं, बघा, परत आला. त्याच्याइतका बिनदोष घोट त्या शहरात त्या दिवशी कोणाला मिळाला नसेल. आणि तो उठला. ज्या मेजासाठी तो इतके महिने मान खाली घालून थांबला होता, ते सोडून उठला. वर दोष माझ्या बरणीवर टाकला नाही, स्वतःच्या मनावर घेतला.

मी उंच भिंती बांधल्यात. वाऱ्यावर हलणाऱ्या फळीवर माणसं तोल सांभाळताना पाहिलीत. पण असा तोल सांभाळताना मी कधी कोणाला पाहिलं नव्हतं, आणि हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी म्हणालो, म्हटलं नव्हतं?

ओळंब्याचं एक आहे. तो लावायला आधी वर चढावं लागतं. दोरी वरनं सोडायची, खाली शिसं लटकतं, मग भिंत सरळ का वाकडी ते कळतं. भिंतीला ते बरोबर आहे. माणसाला लावायचा तर चढून बसायचं कुठं? तेवढ्या उंचीवर ज्याला बसायचा हक्क होता तो तर खाली उतरला, असं आम्ही दर नाताळाला गातो. मी तोंडानं गात आलो. कुवेतच्या गॅलरीत, त्या उकाड्यात, ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे कोणाला रुखरुख नको. पुढच्या शुक्रवारी मी मंडळीसमोर उभा राहून सगळं सांगितलं, नाकासकट. पाळकसाहेबांनी प्याल्यातच ओळखलं होतं, ते म्हणाले, "मला वाटलं, बाबांना घरी जाऊन एकट्यात सांगू." म्हणजे त्यांनीही माझी लाज राखायचीच ठरवली होती. त्याच्या पुढच्या महिन्यात विल्सन मेजावर आला, डब्यातल्या रसावर. त्यानंतर एकदा तो घसरलाही. मुलीच्या आजारपणाचा फोन आला होता त्या आठवड्यात. त्याच्या खोलीवर जाऊन त्याला आंघोळ घालणाऱ्यांत मी होतो. परत उठला. हे लिहू का म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला, "लिहा बाबा. उठलो तेवढंच लिहिलं तर लोकांना वाटेल मी देवदूत आहे, काहून उगाच?" या साली तो सुट्टीवर गावी गेलाय. हारिसनं परवा घड आणून दिला तेव्हा मला त्याची आठवण आली आणि म्हणून हे लिहायला बसलो.

पण मला आवरत नाही ती गोष्ट त्या मेजाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची आहे.

रूथला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलं होतं की विल्सनच्या कंपनीची बस अब्बासियात कुठं थांबते. उजाडायच्या आधी टॅक्सी केली. कुवेतमध्ये मी एकटा हवल्लीबाहेर पडायची ती पहिलीच वेळ. एका किराणा दुकानासमोर कामगारांची रांग होती, निळ्या कपड्यांतली, हातात डब्याच्या पिशव्या, अर्धे उभ्या उभ्या झोपलेले. विल्सन मधेच कुठंतरी. मला बघून रांग सोडून धावत आला.

"बाबा? रूथताई बरी हाय ना?"

"बरी आहे. रस नासला होता."

 तो म्हणाला, "हो."

"तुला कळलं होतं."

"हातात घेताच."

"मग तोंड शिवलं होतं का? म्हणायचं, म्हाताऱ्या, हे काय आणलंस."

"मेजासमोर? तुम्हाला?" तो हसला. "तुम्ही किती हौसेनं केलतं. लेकीदेखत तुमची मान खाली घालवू? माझं काय, मला बोलायची लोकायला सवय हाय. एक दिवस अजून."

"आणि खोटं बोललास. मन साफ नाही म्हणून."

"खोटं नाही, बाबा." त्यानं पिशवी या हातातनं त्या हातात घेतली. "वास आला तसं तोंडाला पाणी सुटलं. मला प्यायचंच होतं. लई प्यायचं होतं. सगळ्यांदेखत, पाळकाच्या हातनं, कोणी नाव ठेवणार नाही. एक घोट घेतला असता तर रात्री कुठं पडलो असतो मलाच ठाऊक. मग मनात म्हटलं, देवा, मला इथनं उचल. एवढंच. पाय उठले. कसे उठले, ते इचारू नका."

मी जन्मभर प्रार्थना ऐकल्यात. तास तास चाललेल्या ऐकल्यात, स्वतः केल्यात. एवढीशी, एवढ्या उंच पोचलेली, मी ऐकली नव्हती. माझ्यासमोर पत्रे ठोकणारा, आदल्या दिवशी प्यावंसं वाटलेला, डबा घेतलेला माणूस उभा होता, आणि देवानं त्याचं ऐकलं होतं. इतकं लगेच, की रस सांडायच्या आत.

मी टोपी काढली आणि डोकं पुढं केलं. "हात ठेव."

आमच्यात वडीलधाऱ्यानं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असते. उलटं मी कधी पाहिलेलं नाही, त्यानंही नाही. तो मागं सरकला. "बाबा, काय करता? माणसं बघायलीत."

"बघू दे."

"मला मोठी प्रार्थना येत नाही."

"कालची येते ना? तीच कर. माझ्यासाठी."

रांगेतली माणसं जागी झाली होती. बस वळून आली, दिवे आमच्या अंगावर पडले. माझ्या टकलावर त्याचा तळवा टेकला, खरखरीत, पत्र्यानं कापलेला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. मी काही डोकं वर करीना.

"देवा," तो शेवटी म्हणाला, "याला इथनं उचल."